शाळूतलं पाखरू की पतंग?

निपाणीहून प्रश्न आलाय: ‘शाळूच्या पोत्यातून उडणाऱ्या इवल्या पिवळट जीवाला आम्ही पाखरू म्हणतो. पुण्याचे पाहुणे हसतात, म्हणतात पाखरू म्हणजे पक्षी. बरोबर शब्द कुठला?’

खुशाल पाखरू म्हणा. ज्याला पंख ते पाखरू. फुलपाखरू म्हणताना पुणेकरही किड्यालाच पाखरू म्हणतात की! आणि पुस्तकातला ‘पतंग’ तरी काय? संस्कृतात पतंग म्हणजे उडत जाणारा. त्यात पक्षी आला, सूर्यसुद्धा आला.

तुमचं पाखरू म्हणजे बहुधा धान्यातला पतंग, शास्त्रीय नाव सिटोट्रोगा सिरिअलेला. रंग वाळल्या काडासारखा, पसरलेले पंख एक ते दीड सेंटिमीटर. भिंगाखाली मागचा पंख बघा: कडेला लांब केसांची झालर आणि टोक बोट दाखवावं तसं पुढं निघालेलं. ओळख पटवायला एवढं पुरे.

खरी गंमत क्रियापदात आहे. आपल्या भागात ‘शाळूत पाखरं झाल्यात’ म्हणतात, ‘लागल्यात’ नाही. अळी दाण्याच्या आतच वाढते, आतच कोष करते. बाहेरून दाणा धड दिसतो. आतून सालीपर्यंत पोखरून ठेवलेल्या गोल खिडकीतून एक दिवस पतंग बाहेर पडतो. बघणाऱ्याला वाटणार, दाण्याचंच पाखरू झालं. खानापूरकडं तांदळात करडा पतंग होतो, कॉर्सिरा सेफॅलोनिका. त्याची अळी दाण्याबाहेर राहून रेशमानं दाणे चिकटवते, म्हणून तिथं ‘तांदळानं जाळी धरली’. कीटकशास्त्र न शिकता दोन जाती वेगळ्या काढल्या की नाही?

पिवळ्या जातीचं इंग्रजी नाव फ्रान्सच्या अँगुम्वा प्रांतावरून पडलंय, पण उबदार हवेच्या जवळपास सगळ्या मुलखांत धान्याबरोबर ती पोचली आहे. गहू, भात, मका, ज्वारी काही वर्ज्य नाही. उभ्या पिकाच्या कणसातही अंडी घालते. राशीत मात्र खोल शिरत नाही, वरच्या थरातच नासधूस. पेवातला तळचा जोंधळा तिच्यापासून वाचतो तो म्हणून.

लेखात ‘धान्यातला पतंग’ लिहा, पोत्यापाशी पाखरू म्हणा. ‘सोंडकिडा’ मात्र म्हणू नका, तो कठीण पाठीचा भुंगेरा, घराणंच वेगळं.