पुढारी किंवा सेलिब्रिटींच्या गाडीने कुणाला उडवलं की ‘ड्रायव्हर चालवत होता’ हे उत्तर इतक्या लवकर कसं तयार असतं?

तुम्ही पुण्यातून विचारलंय, की हे उत्तर दरवेळी का ऐकू येतं, खरं तर त्या माणसाने काय करायला हवं, आणि जखमीच्या घरच्यांच्या हातात काय असतं. पहिल्या भागाचं उत्तर माणसाच्या स्वभावापेक्षा कायद्याच्या रचनेत जास्त सापडतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

अपघातात माणूस गेला की साधारणपणे भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) लागतं, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, आणि गुन्हा जामीनपात्र. ठाण्यातच ‘टेबल जामीन’ होतो. दारू पिऊन, आपल्या हातून कुणाचा जीव जाऊ शकतो हे कळत असताना गाडी चालवली असं दिसलं, तर कलम १०५ लागू शकतं, म्हणजे सदोष मनुष्यवध. तो अजामीनपात्र. या दोन कलमांमधलं अंतर बहुतेक वेळा रक्ताच्या एका नमुन्यावर आणि स्टिअरिंगवर कोण होतं यावर ठरतं.

आता पळून जाण्याचं बघा. न्याय संहितेत १०६(२) म्हणून पोटकलम आहे: पोलिसांना न कळवता पळालात तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला होता, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, तो याच कलमावरून. १ जुलै २०२४ पासून संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम तेवढं बाजूला ठेवलं गेलं. मग उरतं ते मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ आणि त्याची शिक्षा सांगणारं १८७: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. थोडक्यात, प्यायलेल्या माणसाला थांबणं महागात पडतं आणि पळणं स्वस्तात. वकिलाचा पहिला फोन लागण्याआधीच हे गणित अनेकांना ठाऊक असतं.

त्यात रक्तातली दारू कुणासाठी थांबत नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि शरीर तेवढ्याच रक्तातली ताशी साधारण १५ मिलिग्रॅम दारू संपवतं. रात्री दोन वाजता १०० असलेला माणूस सकाळी सातच्या सुमारास मर्यादेखाली आलेला असतो. वरळीत ७ जुलै २०२४ ला बीएमडब्ल्यूने दुचाकीवरच्या महिलेला दीडेक किलोमीटर फरपटत नेलं. संशयित होता शिवसेनेच्या (शिंदे गट) एका उपनेत्याचा मुलगा. तो दोन दिवसांनी सापडला आणि रक्ततपासणीत दारू मिळाली नाही. त्यात नवल काही नव्हतं. अशा वेळी पोलिसांना बारचं बिल, तिथलं सीसीटीव्ही, वेटरचे जबाब असा वळसा घालून पुरावा उभा करावा लागतो. त्या प्रकरणातही आधी ड्रायव्हर पुढे केला गेल्याचा आरोप आहेच. पक्षाने वडिलांचं उपनेतेपद काढून घेतलं. पेपरात ती मोठी बातमी होते, खटल्यात तिला काहीच वजन नसतं.

पुण्यातलं पोर्शे प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, पण ते ‘हिट अँड रन’ नव्हतं हे बऱ्याच जणांच्या लक्षात नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला लोकांनी त्या सतरा वर्षांच्या मुलाला जागेवरच पकडलं होतं. जे पळवायचा प्रयत्न झाला असा आरोप आहे, तो पुराव्याचा. घरच्या ड्रायव्हरने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून दबाव, आणि ससून रुग्णालयात रक्ताच्या नमुन्याची अदलाबदल. अदलाबदल उघडी पडली ती पोलिसांनी औंधच्या जिल्हा रुग्णालयात दुसरा नमुना घेऊन ठेवला होता म्हणून. दोन्हींचा डीएनए जुळला नाही. जामिनाच्या अटीतल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर महाराष्ट्रभर विनोद झाले, पण त्या प्रकरणातून घ्यायची गोष्ट ही दुसऱ्या नमुन्याची आहे. तेव्हाचे स्थानिक आमदार सुनील टिंगरे त्या रात्री येरवडा ठाण्यात गेले होते. लोकप्रतिनिधी म्हणून गेलो, दबाव टाकला नाही, असं त्यांनी सांगितलं.

‘ड्रायव्हर चालवत होता’ किती दूर जाऊ शकतं याचा नमुना म्हणजे सलमान खानचा खटला. अपघात वांद्र्याच्या हिल रोडवर, २८ सप्टेंबर २००२. ड्रायव्हर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन ‘गाडी मी चालवत होतो’ म्हणाला ते २०१५ मध्ये, बचाव पक्षाच्या बाजूने. सत्र न्यायालयाने ते मानलं नाही आणि मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याच डिसेंबरात उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. अहवालात रक्तात ६२ मिलिग्रॅम दारू होती, पण नमुना कुणी घेतला, कुठे ठेवला, कसा पाठवला ही साखळी न्यायालयाला पटली नाही. पोलीस अंगरक्षकाने पहिल्या फिर्यादीत दारूचा उल्लेख केला नव्हता, तो नंतरच्या जबाबात आला. त्यामुळे त्याची साक्षही टिकली नाही, आणि तोवर तो हयातही नव्हता. म्हणून सांगतो, पहिल्या फिर्यादीत जे सुटतं ते पुरवणी जबाबात घातलं तरी अर्धं मेलेलं असतं.

उलट बाजूही आहे. कधीकधी ड्रायव्हर खरंच चालवत असतो. ३० सप्टेंबर २०२५ ला नवले पुलाजवळ गौतमी पाटीलच्या नावावरच्या गाडीने रिक्षाला धडक दिली, रिक्षाचालक गंभीर जखमी झाला. ती गाडीत नव्हती, असं पोलिसांनी सीसीटीव्ही बघून सांगितलं. तोवर एका मंत्र्यांनी पोलीस अधिकाऱ्याला केलेला फोन व्हायरल होऊन गेला होता. गाडीत नसलेल्या मालकावर फौजदारी गुन्हा साधारणपणे बसत नाही. पण मालक म्हणून दोन जबाबदाऱ्या सुटत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ खाली पोलिसांनी विचारलं की चालकाचं नाव, पत्ता, परवाना सांगावाच लागतो. आणि नुकसानभरपाई मालक व विमा कंपनीवर येते. ‘मी गाडीत नव्हते’ हे फौजदारी बाजूचं उत्तर झालं. रुग्णालयाच्या बिलाचं उत्तर त्याने होत नाही. लोकांचा राग बहुधा या दुसऱ्या भागावर असतो आणि निवेदनं मात्र पहिल्या भागावरच येत राहतात.

मग करायला काय हवं? कलम १३४ साधं आहे. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोचवायचं, पोलिसांना कळवायचं, जागेवर पोलीस नसले तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर आणि कुठल्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. जमाव मारेल अशी भीती खरी असेल तर जागा सोडण्याची सवलत कायद्यानेच दिली आहे. पण ती सवलत थेट ठाण्यात जाण्यासाठी आहे, फार्महाऊसवर जाण्यासाठी नाही. पुढाऱ्यांचे लोक ‘जमाव भडकला होता’ म्हणतात तेव्हा एकच विचारा: मग ठाण्यात किती वाजता पोचले? जून २०२४ मध्ये पुणे-नाशिक महामार्गावर कळंबजवळ तेव्हाचे आमदार दिलीप मोहिते पाटील यांच्या पुतण्याच्या गाडीच्या धडकेत दुचाकीस्वाराचा जीव गेला, तेव्हा पुतण्या पळाला नाही आणि प्यायलाही नव्हता, असं आमदारांनी सांगितलं. असं विधान खरं की खोटं हे स्टेशन डायरीतल्या नोंदीची वेळ आणि रुग्णालयाच्या एमएलसीची (मेडिको-लीगल नोंदीची) वेळ शेजारी ठेवली की बरंचसं कळतं.

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याचा महाधिवक्ता जेसन रॅव्हन्सबोर्ग याने सप्टेंबर २०२० मध्ये रस्त्याकडेने चालणाऱ्या माणसाला उडवलं आणि ‘हरीण असावं असं वाटलं’ म्हणून सांगितलं. मृताचा चष्मा त्याच्याच गाडीत सापडला. फौजदारीत किरकोळ गुन्ह्यांवर भागलं, पण २०२२ मध्ये महाभियोगाने पद गेलं. आपल्याकडे आमदार-मंत्र्यांसाठी अशी सोय नाही. इथे जी काही लढाई आहे ती ठाण्यात आणि कोर्टात.

आता घरच्यांचं. ११२ वर फोन करून वेळेची नोंद होऊ द्या. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण ही तीन वेगळी पोलीस दलं आहेत. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर शून्य क्रमांकाने फिर्याद घ्यावीच लागते. फिर्यादीत चालकाबद्दल जे दिसलं ते सगळं तेव्हाच लिहून घ्या: कुठल्या दाराने उतरला, वास येत होता का, गाडीत किती जण होते. तपासी अंमलदाराला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. अर्जात मागायचं ते हे: चालकाची वैद्यकीय तपासणी (दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली असेल तर ती अटकेपासून दोन तासांत व्हायला हवी), एअरबॅग आणि स्टिअरिंगवरचे ठसे व डीएनए, सीटची स्थिती, मोबाइलचं लोकेशन, फास्टॅगच्या नोंदी.

सीसीटीव्हीची सगळ्यात घाई करा. सोसायट्या आणि दुकानांच्या डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) जुनं फुटेज दोन-चार आठवड्यांत पुसलं जातं, काही ठिकाणी आठवड्यातच. व्हॉट्सअॅपवर आलेली क्लिप कोर्टात सहसा टिकत नाही. मूळ यंत्रातून पंचनामा करून काढलेली प्रत आणि साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. गाडी दुरुस्तीला किंवा धुवायला जाऊ नये यासाठी ती ताबडतोब जप्त व्हायला हवी. दिल्लीत १९९९ मध्ये माजी नौदल प्रमुखांच्या नातवाच्या बीएमडब्ल्यूखाली सहा जण गेले; गळक्या तेलाचा माग काढत पोलीस बंगल्यावर पोचले तेव्हा गाडी धुणं चालू होतं.

उपचारांसाठी २०२५ च्या कॅशलेस योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाखाची तरतूद आहे, रुग्णालयात ती मागा. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, पुण्यात शिवाजीनगर कोर्टात, आणि मुदत सहा महिन्यांची. चालक प्यायलेला होता म्हणून विमा कंपनी सहसा सुटत नाही. न्यायाधिकरण तिला आधी भरायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. वाहन सापडलंच नाही तरच मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजारांची सरकारी योजना. तिचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो.

आणि ‘मिटवून घ्या’ म्हणत कुणी स्टॅम्पपेपर घेऊन आलं, तर आधी स्वतःच्या वकिलाला दाखवा. मृत्यूचा गुन्हा दोन्ही पक्षांच्या सहीने मिटत नाही. त्या कागदात ‘यापुढे कुठलाही दावा करणार नाही’ अशी ओळ मात्र हमखास असते, बहुधा शेवटच्या पानावर.