'थ्री नॉट थ्री' मधला 'नॉट' नक्की कुठला?

प्रश्न असा आलाय की 'थ्री नॉट थ्री' रायफलमधला नॉट म्हणजे नकाराचा नॉट का, आणि तसं असेल तर "तीन नाही तीन" हे काय नाव झालं.

नाही हो, हा नॉट म्हणजे शून्य. ब्रिटिश इंग्रजीत शून्याला हा शब्द आहे, स्पेलिंग वेगळं आणि उच्चार जरा लांब, नॉऽट. आपण देवनागरीत दोन्ही एकसारखेच लिहितो, तिथे घोळ होतो. आकड्याच्या आधी एक पॉइंट पण आहे, तो बोलताना आपण गिळून टाकतो. पॉइंट 303 इंच, म्हणजे साधारण 7.7 मिलिमीटर, नळीच्या पोकळीचं माप. गंमत म्हणजे गोळी याहून किंचित जाड, पॉइंट 311 च्या आसपास, कारण नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, गोळी त्यात रुतून गरगर फिरत बाहेर पडायला हवी, आणि माप मात्र खाचांचं नाही तर मधल्या उंचवट्यांचं घेतलंय.

ब्रिटिशांनी हे काडतूस 1888 च्या ली-मेटफर्ड रायफलीबरोबर आणलं, तेव्हा आत काळी दारू होती, मग कॉर्डाइट ही जवळपास बिनधुराची दारू आली, 1895 ला ली-एनफिल्ड रायफल, आणि 1910 ला टोकदार गोळीचं मार्क सेव्हन काडतूस, तेच पुढे दोन्ही महायुद्धांत चाललं. आपल्याकडे बंगालात ईशापूरला या रायफली बनायच्या आणि काडतुसं आपल्या पुण्याच्या खडकीत.

आता नकारवाल्यांची थोडी बाजू घेतो. इंग्रजीतला नकाराचा नॉट हा याच 'काहीही नाही' अर्थाच्या शब्दाचा झिजलेला अवतार आहे, म्हणजे दोघे भाऊभाऊच, त्यामुळे नकाराचा नॉट म्हणणारा अगदीच चुकला असं नाही म्हणवत.

इंग्रजीत याच शब्दाचं 'ऑट' पण झालं, "अ नॉट" चुकीच्या जागी तोडून "अन ऑट". अमेरिकनांचं 'थर्टी ऑट सिक्स' हे रायफलचं काडतूस त्यातलंच. पण तिथे शून्य सहा हे माप नाहीच, साल आहे, 1906. माप फक्त पॉइंट 30.

आणि याच हिशोबाने 12 बोअरच्या शॉटगनला (छऱ्यांची बंदूक) 12 मिलिमीटर समजू नका, तिथे नळीत बसेल असे शिशाचे 12 गोळे मिळून एक पौंड भरतो, म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते.