रिपोर्ट नॉर्मल असताना आययूआय की थेट आयव्हीएफ?

दोघांचे रिपोर्ट नॉर्मल, मूल होत नाही याला तीन वर्षं झाली, तुमचं वय ३४, एक डॉक्टर आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) सांगतात आणि दुसरे थेट इक्सी (आयव्हीएफच, म्हणजे बीज बाहेर काढून लॅबमध्ये फलित करणं, फक्त यात एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडतात). ताई, माझं मत स्पष्ट आहे, आययूआय तीन वेळा, बास. आम्ही सहा केले.

दर वेळी तेच, फॉलिकल स्टडी (बीजाच्या पिशव्या किती वाढल्यात ते बघायची सोनोग्राफी), बीज बाहेर पडावं म्हणून ट्रिगरचं इंजेक्शन, मग घरून वीर्याच्या सॅम्पलची डबी गार होऊ नये म्हणून काखेत दाबून लॅबपर्यंत न्यायची आणि पुढे पंधरा दिवस जीव टांगणीला. तिसऱ्यानंतर मी म्हटलं आता आयव्हीएफ करू, तर नवरा म्हणे रिपोर्टमध्ये काहीच नाही तर घाई कशाला, अजून एकदा बघू. हे अजून एकदा चौदा महिने चाललं, मी ३६ ची झाले. सहाव्या वेळी बाथरूममध्ये एक रेघ आलेली प्रेग्नन्सी टेस्टची स्ट्रिप खिडकीच्या उजेडात तिरकी धरून मी दुसरी रेघ शोधत होते, आणि बाहेरून तो विचारतोय, आली का गं? त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते आम्ही दोघंही विसरलेलो नाही.

नॉर्मल म्हणजे कारण नाही असं नसतं हो, या टेस्टमध्ये ते सापडत नाही एवढंच. ट्यूब उघड्या आहेत हे एचएसजीत, म्हणजे ट्यूबच्या एक्स-रेत दिसतं, पण गर्भ पाचव्या दिवसापर्यंत टिकतोय का हे कुठे दिसतं? शेवटी आयव्हीएफ केलं तेव्हा आमची नऊ बीजं निघाली, सहा फलित झाली, टिकले दोनच गर्भ. पहिला रुजला नाही, दुसऱ्याची मुलगी आहे.

आययूआय फुकट जातं असं मी म्हणत नाही. न्यूझीलंडच्या २०१८ च्या अभ्यासात बीज वाढवायच्या गोळ्या आणि आययूआय तीन वेळा केलेल्या १०१ जोडप्यांपैकी ३१ जणांना मूल झालं, नुसती वाट बघणाऱ्या १०० पैकी ९ जणांना. म्हणून तर तीन म्हणतेय. फक्त गोळ्यांऐवजी गोनाडोट्रॉपिनची इंजेक्शनं सुचवली तर किती फॉलिकल वाढलीत ते विचाराच, जुळ्या-तिळ्यांचा धोका त्यातच जास्त. आणि सिमेन रिपोर्ट चांगला असेल तर इक्सीच का, हेही विचारा. व्हिएतनामच्या २०२१ च्या ट्रायलमध्ये अशा जोडप्यांना साध्या आयव्हीएफपेक्षा इक्सीचा ठोस फायदा दिसला नव्हता.

हां, एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ताची टेस्ट) कमी असेल तर तीनचीही वाट बघू नका, आणि तिशीच्या आतलं कुणी हे वाचत असेल तर माझा हिशोब तुम्हाला लागू नाही. आयव्हीएफ पहिल्याच फटक्यात होईल असंही धरून चालू नका. पण किती वेळा करायचं तो आकडा पहिल्या आययूआयच्या आधीच दोघांनी बसून ठरवा, स्ट्रिप हातात असताना नाही.