लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत डिस्क्रिप्शन यादी (ठळक शब्द आणि पुढे त्याची व्याख्या) आत सरकवून सगळ्या व्याख्या एका उभ्या रेषेत कशा आणायच्या?

प्रत्येक आयटमला हाताने एचस्पेस (आडवी मोकळी जागा) देऊन भागवताय, असं तुम्ही प्रश्नात म्हटलंय. ते आधी बंद करा. उद्या एक शब्द बदलला की सगळी मोजमापं पुन्हा करत बसाल.

याद्यांची मांडणी ठरवणारं एन्युमआयटम आणि मापांचं गणित करणारं कॅल्क ही पॅकेजं, म्हणजे लाटेकची जोड-साधनं, घ्या. डिस्क्रिप्शनच्या चौकोनी कंसात लेबलविड्थ (लेबलाची, म्हणजे ज्याची व्याख्या द्यायची त्या शब्दाची रुंदी) लिहा आणि यादीतला सर्वांत लांब शब्द विड्थऑफने मोजून तिथे द्या. लेफ्टमार्जिनपुढे (डावा समास) नुसतं उद्गारचिन्ह टाका, समास पॅकेजच काढतं. मोजायच्या शब्दाआधी बीएफसिरीज ही ठळक टाइपाची आज्ञा हवीच. लेबल ठळक छापलं जातं. साध्या टाइपात मोजलंत तर नेमका त्या लांब शब्दापुढचा मजकूर रेषा सोडून पुढे सरकतो. अख्खी यादी आत हवी असेल तर लेबलइंडेंटला माप द्या.

तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी ‘सरळ टेबल करा’ असं सुचवलंय, ते वाचून राहवलं नाही. एका माहितीपुस्तकाचं संपादन आम्ही दोघे करत होतो. शेवटची परिभाषासूची टॅब्युलरमध्येच, म्हणजे लाटेकच्या साध्या टेबलमध्येच हवी, असा सहकाऱ्याचा हट्ट. टॅब्युलर म्हणजे एकच अखंड चौकट, ती पान ओलांडून तुटत नाही. पीडीएफमध्ये शेवटचे शब्द पानाच्या तळाखाली गडप झाले आणि लॉगमध्ये (लाटेकच्या नोंदींच्या फाइलमध्ये) फक्त ओव्हरफुल व्हीबॉक्सची, म्हणजे मजकूर उंचीत मावला नाही या इशाऱ्याची, एक ओळ. त्यावर त्यांचा उपाय काय, तर टाइप बारीक करा! मी त्याच रात्री सगळी सूची डिस्क्रिप्शनमध्ये आणली. पानं आपोआप तुटली, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होईल इतका बारीक टाइपही करावा लागला नाही.

सहकारी अजून म्हणतात, लाँगटेबलने, म्हणजे पान ओलांडू शकणाऱ्या टेबलने काम झालं असतं. नसतं झालं. लाँगटेबल दोन ओळींच्या मध्ये पान तोडतं, एका ओळीच्या पोटात नाही. आमच्या काही व्याख्या अर्धं पान खाणाऱ्या होत्या, म्हणजे प्रत्येक वेळी खाली मोठी पोकळी उरली असती. शिवाय शब्द आणि त्याचा अर्थ ही यादी आहे. टेबल ठेवा आकड्यांसाठी, जिथे वरून खालीही वाचायचं असतं.

एखादंच लेबल फार लांब असेल तर त्याच्यासाठी सगळा समास वाढवू नका. लेफ्टमार्जिनला ठराविक माप आणि स्टाइलला नेक्स्टलाइन द्या. समासात न मावणाऱ्या लेबलाची व्याख्या खालच्या ओळीवर जाते.

आणि हो, हे सगळं लेख-पुस्तकांपुरतं. बीमरमध्ये (लाटेकमध्ये स्लाइड्स करायचं साधन) एन्युमआयटम घालू नका, तिथे याद्यांची रचना बीमर स्वतः सांभाळतं आणि दोघांचं जमत नाही.