वाचक विचारतात : फादरांविना अडीचशे वर्षं

गेल्या अंकात जपानमधल्या नागासाकीत क्रूसावर मारलेल्या 26 ख्रिस्ती हुतात्म्यांवर चार ओळी छापल्या होत्या. वसईचे संत गोन्सालो गार्सिया त्यांतलेच एक. पुढे जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, फादर हद्दपार झाले, तरी काही लोकांनी लपून श्रद्धा जपली. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

संत गोन्सालो गार्सिया फादर होते की ब्रदर? आमच्या घरात यावरून वाद आहे. त्यांना खिळे ठोकले होते का?
– एक वाचक, वसई

ब्रदर. त्यांना गुरुदीक्षा मिळालेली नव्हती, म्हणजे ते मिस्सा, चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करू शकत नव्हते. 1557च्या सुमारास वसईत जन्म, वडील पोर्तुगीज, आई इथली. शिक्षण वसईच्या जेझुइट संघाच्या धर्मगुरूंकडे. तरुणपणीच ते जपानला गेले, धर्मशिक्षक म्हणून राबले, नंतर व्यापारात पडले आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. त्यांचं खरं भांडवल जपानी भाषा. म्हणून तर 1593 साली फादर पेद्रो बाउतिस्ता जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून त्यांना बरोबर घेतलं.

आपण सवयीने ‘क्रूसावर खिळलं’ म्हणतो, पण तिथे खिळे नव्हते. हात, पाय आणि मान लोखंडी कड्यांनी लाकडाला जखडत. टेकायला मध्ये एक खुंटी असे. मग दोन्ही बाजूंनी बरगड्यांखाली भाले खुपसत. त्याआधी क्योटोत प्रत्येकाच्या डाव्या कानाची पाळी कापून धिंड काढली होती. हिदेयोशीचा मूळ हुकूम नाक-कान कापण्याचा होता, अधिकाऱ्याने तो सौम्य केला. तिथून नागासाकीपर्यंत ऐन थंडीत महिनाभराची पायपीट. 24 जण निघाले, वाटेत दोघांची भर पडली. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर 26 क्रूस उभे राहिले. त्यात जपानी 20, स्पॅनिश 4, मेक्सिकोचा एक आणि वसईचा एक.

फुमी-ए, म्हणजे येशू-मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवण्याची सक्ती. सगळ्यांनी पाय ठेवला असेल तर श्रद्धा टिकली असं कसं म्हणायचं?
– एक वाचक, पुणे

ही पद्धत आधी नीट समजून घ्या. ती सबंध जपानभर नव्हती. जोर नागासाकी आणि क्यूशू बेटावर होता. 1620च्या दशकाच्या अखेरीस सुरुवात झाली. आधी कागदावरची चित्रं होती, ती पायांनी फाटत. मग जप्त केलेली धातूची पदकं लाकडी फळीत बसवली. तीही कमी पडू लागली तेव्हा 1669 मध्ये 20 पितळी पाट्या ओतून घेतल्या. नागासाकीत दर नववर्षाच्या पहिल्या महिन्यात अधिकारी पाटी घेऊन दारोदार जात. घरातला एकेक माणूस पुढे येई आणि वहीत नोंद होई. अधिकाऱ्याचं लक्ष पायापेक्षा चेहऱ्याकडे असे. जो घुटमळला तो सापडला.

पाय ठेवून घरी आल्यावर हे लोक ‘कोंचिरिसान’ म्हणत. पोर्तुगीजमधला पश्चात्तापाचा शब्द जपानी तोंडात असा बसला. 1603 सालचं याच विषयावरचं एक जपानी पुस्तक हस्तलिखितांतून आणि पाठांतरातून फिरत होतं. त्याचा आधार कॅथलिक शिकवणीतच आहे: फादर मिळत नसेल तर परिपूर्ण पश्चात्तापानेही पापक्षमा मिळते. अट अशी की पश्चात्ताप नरकाच्या भीतीने नको, देवावरच्या प्रेमापोटी हवा. पुन्हा पाप न करण्याचा निश्चय हवा. आणि फादर भेटताच पापनिवेदन करण्याची तयारी हवी. यातली दुसरी अट आमच्या मते सर्वांत जड. पुढच्या वर्षी पाटी पुन्हा दारात येणार हे ठाऊक असताना तो निश्चय करायचा होता. त्यांना धर्मत्यागी ठरवण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं.

फादर नाहीत, मिस्सा नाही, चर्च नाही. मग अडीचशे वर्षं नेमकं चाललं कसं?
– एक वाचक, नाशिक

चर्चच्या सात संस्कारांपैकी बाप्तिस्मा आणि विवाह हे दोन फादरांवाचून होऊ शकतात. ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन, रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला तेल लावण्याचा विधी) यांचं तसं नाही. मिशनऱ्यांनी हद्दपारीआधीच्या वर्षांत लोकांचे भक्तिसंघ बांधले होते. पुढची व्यवस्था त्यांतूनच उगवली.

नागासाकीच्या परिसरात गावागणिक साधारण तीन कामं वाटलेली असत. ‘चोकाता’ पंचांग सांभाळी. ‘मिझुकाता’, शब्दशः पाणीवाला, बाप्तिस्मा देई. ‘किकियाकु’ वस्तीवस्तीत निरोप पोचवी. चोकाताकडचं पंचांग 1634 सालच्या दिनदर्शिकेवर बेतलेलं, परंपरेने बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाचं. ईस्टर दरवर्षी सरकतो, त्यामुळे ते जपानी चांद्र महिन्यांशी पुन्हा जुळवावं लागे. उपवास कधी धरायचा, कोणत्या दिवशी शिवण आणि शेतीकाम बंद ठेवायचं हे चोकाता काढी आणि किकियाकु घरोघर सांगे. पंचांग हरवलं की वर्षच हरवलं.

मिझुकाताचं काम दिसायला सोपं, चुकायला त्याहून सोपं. पाणी डोक्यावर ओतलं जात असतानाच ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा’ हे शब्द उच्चारले गेले पाहिजेत. हे शब्द लॅटिन-पोर्तुगीजमधले, अर्थ न कळता पाठ केलेले. पिढ्या सरल्या तसे झिजले. ‘ओराशो’ म्हणजे त्यांच्या प्रार्थना, हा शब्दही लॅटिन ‘ओरात्सियो’चाच. 1865 नंतर आलेल्या फ्रेंच फादरांना म्हणूनच मिझुकातांकडून ते शब्द म्हणवून घ्यावे लागले. शंका असेल तिथे चर्च सशर्त बाप्तिस्मा देतं, म्हणजे आधीचा ग्राह्य नसेल तरच हा धरायचा.

सर्वांत कच्चा दुवा होता मरण. प्रत्येक कुटुंबाची नोंद बौद्ध मंदिरात सक्तीची होती आणि अंत्यविधी तिथल्या भिक्षूकडूनच व्हायचे. मग भिक्षू सूत्रं म्हणत असताना शेजारच्या घरात ती ‘पुसून टाकणारी’ प्रार्थना चाले. शिवाय पाच-पाच घरांचा गट एकमेकांना जामीन. एकाचा गुन्हा तो पाचही घरांच्या अंगाशी. 1711च्या सरकारी फलकावर दरही लिहिले होते: फादर पकडून दिल्यास चांदीची 500 नाणी, ब्रदरसाठी 300, साध्या ख्रिस्ती माणसासाठी 100. एवढं असून गावंच्या गावं गप्प राहिली. जिथे तोंड सुटलं तिथे अनर्थ झाला. 1657 मध्ये ओमुरा भागात 600हून जास्त लोक धरले गेले आणि 400हून जास्तांची मुंडकी उडाली.

ओळखीच्या एकांनी जपानहून ‘मारिया कन्नोन’ आणली आहे. खरी कशी ओळखावी?
– एक वाचक, मुलुंड

नुसती पाहून ओळखता येत नाही. बहुतेक मूर्ती चीनमधल्या फूच्येन प्रांतातल्या पांढऱ्या चिनी मातीच्या, बाळ घेतलेल्या कन्नोनच्या, म्हणजे बौद्धांच्या करुणेच्या देवतेच्या. लपून राहिलेले ख्रिस्ती तिलाच मरिया मानत. हजारो बौद्ध घरांत अशाच मूर्ती होत्या, म्हणून तर त्या लपवायला सोयीच्या. ती मरिया आहे की कन्नोन, हे समोर हात जोडणाऱ्यावर ठरे. तेव्हा ती कोणत्या गावातल्या, कोणत्या घरातून आली याची कागदोपत्री नोंद मागा. मूर्तीवर ठळक क्रूस कोरलेला असेल तर आम्ही उलट जास्त संशय घेऊ. दरवर्षी तपासणी दारात येत असताना असा पुरावा घरात कोण ठेवील?

हे लोक उघडकीला कसे आले?
– एक वाचक, मडगाव

1862 मध्ये पोप नववे पायस यांनी त्या 26 जणांना संतपद दिलं. परदेशी वस्तीपुरत्या मिळालेल्या परवानगीवर फ्रेंच फादरांनी नागासाकीत ओउरा इथे त्यांच्याच नावाने चर्च बांधलं, म्हणजे ते आपल्या वसईच्या गोन्सालोंचंही. 17 मार्च 1865 रोजी उराकामी गावचे काही शेतकरी तिथे आले. त्यातल्या एका बाईने फादर पतिजाँ यांना हळूच सांगितलं की आमचं आणि तुमचं मन एकच आहे, आणि विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? फादर ब्रह्मचारी आहेत का, याचीही या लोकांनी पुढे खात्री करून घेतली. पूर्वजांनी खूण म्हणून तेवढं सांगून ठेवलं होतं.

त्यानंतर मात्र छळ थांबला नाही, उफाळला. निमित्त पुन्हा मरणाचंच: उराकामीच्या लोकांनी भिक्षूला न बोलावता आपले मृत पुरले. 1867 पासून धरपकड झाली, तीन हजारांहून जास्त माणसं देशभर पांगवली गेली आणि सहाशेहून जास्त दगावली. बंदीचे फलक 1873 मध्ये उतरले.

तरी सगळेच चर्चमध्ये परतले नाहीत. अनेकांनी वाडवडिलांची रीत धरून ठेवली. इकित्सुकी बेटावर मूठभर घरांत ओराशो अजून म्हटली जाते, आणि धर्मविधींचं पाणी नाकाएनोशिमा या शेजारच्या खडकाळ बेटावरून आणायची तिथली प्रथा आहे. 1620च्या दशकात त्याच बेटावर ख्रिस्ती लोकांना ठार केलं होतं.