उबुंटू १८.०४ वरचं जुनं क्लॅमएव्ही

क्लॅमएव्ही या अँटीव्हायरसच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) 'आउटडेटेड', म्हणजे इंजिन जुनं झाल्याची सूचना दिसली म्हणून लगेच कुठून तरी .डेब फाइल (उबुंटूचं इन्स्टॉल पॅकेज) उतरवून घेऊ नका. त्याच लॉगमध्ये 'डोन्ट पॅनिक'ही लिहिलेलं असतं, ते खरं माना.

व्हायरसच्या व्याख्या (ते ओळखण्याच्या खुणा) वेगळ्या आणि त्या वाचणारं इंजिन वेगळं. फ्रेशक्लॅम हे क्लॅमएव्हीचं अपडेट टूल फक्त व्याख्या आणतं. इंजिन येतं उबुंटूची पॅकेजं बसवणाऱ्या अ‍ॅप्टकडून. दिवसातून दहा वेळा फ्रेशक्लॅम चालवलंत तरी ती सूचना जाणार नाही. (हाताने चालवायचंच असेल तर आधी त्याची सर्व्हिस थांबवा, नाहीतर लॉग फाइल लॉक असल्याची तक्रार येते.)

इंजिन फारच जुनं असेल, तर क्लॅमएव्हीचा सर्व्हर व्याख्या देणंही बंद करतो. क्लॅमएव्हीच्या ०.१०३ या आवृत्ती-मालिकेची मुदत सप्टेंबर २०२४ मध्येच संपली.

पण माझ्या मते खरी अडचण क्लॅमएव्हीची नाहीच. १८.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२३ मध्ये संपला. कर्नल (सिस्टिमचा गाभा), ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) सगळंच उघडं पडलंय. उबुंटू प्रो, म्हणजे वाढीव मुदतीचा सपोर्ट, घरगुती वापरासाठी पाच मशिनपर्यंत फुकट आहे, तो जोडा आणि मग अ‍ॅप्ट अपडेट, अपग्रेड करा. तेवढ्यात बॅकअप घेऊन २०.०४ आणि तिथून २२.०४ वर जा; मधली पायरी गाळता येत नाही. रॅम दोन जीबीच असेल, तर क्लॅमडी (पार्श्वभूमीत चालणारं क्लॅमएव्ही) कायम चालू ठेवू नका, एकटंच जीबीभर खातं.