जीपची काच कापून मिळते, मग कारच्या दाराची का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सांगलीतल्या दुकानदारानं जुन्या जीपची पुढची काच तुमच्यादेखत कापून तासाभरात बसवून दिली. तोच आता कारच्या मागच्या दाराच्या काचेला ‘कापता येत नाही, तयारच मागवावी लागेल’ म्हणतो. मग तो तुम्हाला गंडवतोय का?

अजिबात नाही, खरं तेच सांगतोय. उलट ‘देतो की कापून’ म्हणाला असता तर सावध व्हा म्हटलं असतं. मी पुण्याकडं गाड्यांच्या काचांच्या कारखान्यात टफन लाइनवर, म्हणजे काच तापवून-निववून कडक करतात तिथं, काम केलंय, आता कुपवाडला असतो. त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

मुळात दोन्ही काचा एकच. सिलिका वाळू, सोडा अ‍ॅश, चुनखडी, डोलोमाइट आणि काचेचाच चुरा दीड हजार अंशांच्या वर वितळवायचा आणि तो रस वितळलेल्या कथलावर सोडायचा. कथील जड असल्यामुळं काच त्यावर तरंगत पसरते आणि दोन्ही अंगांनी गुळगुळीत होऊन पुढं सरकते. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं ही पद्धत 1959 साली जाहीर केली. त्याआधी चांगली काच हवी तर दोन्ही बाजू घासून पॉलिश कराव्या लागत. आज जवळपास सगळी सपाट काच कथलावरचीच.

वाटा फुटतात त्या इथून पुढं. दाराची काच आधी आकारात कापतात, कडा घासतात, काच उचलायच्या यंत्रणेसाठी भोकं लागत असतील तर तीही तेव्हाच पाडतात. मग धुऊन भट्टीत. साडेसहाशे अंशांच्या आसपास ती मऊ पडते, तिला दाराचा बाक देतात, आणि बाहेर येताक्षणी दोन्ही बाजूंनी शेकडो बारीक तोंडांतून थंड हवेचा मारा. तो आवाज असा की शेजारच्या माणसाशी खुणेनं बोलावं लागतं.

या काही सेकंदांत सगळा खेळ होतो. वरचा थर आधी थंड होऊन कडक बसतो, आतला गाभा अजून गरम असतो. गाभा निवताना आकसायला बघतो, पण वरचा थर आता हलत नाही. शेवटी गाभा कायमचा ताणलेला राहतो आणि वरचा थर कायमचा दाबलेला. दाबलेल्या थरात चीर सहजी उघडत नाही, म्हणून ही काच साध्या काचेपेक्षा कितीतरी दणकट. हा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका असतो, म्हणजे 4 मिमी काचेत जेमतेम 0.8 मिमी. चीर त्याच्या आत गेली की गाभ्यातला ताण एकदम सुटतो आणि चिरेला फाटे फुटत फुटत अख्खी काच डोळ्यांदेखत दाणे होऊन खाली येते.

म्हणून कापता येत नाही. हिऱ्यानं रेघ मारलीत तर कदाचित काही होणारही नाही, पण ती रेघ उघडायला दाब दिलात की हातात चुराच येईल. भोक पाडणं, कड घासून दोन मिलिमीटर कमी करणं, सगळ्याला हाच नियम. जे काही करायचं ते भट्टीच्या आधी.

कारखान्यात मधूनमधून चांगल्या काचा मुद्दाम फोडतात. काच टेपनं धरून टोकदार पंचचा एकच ठोका द्यायचा, तडतड थांबली की 5 सेंमीचा चौकोन ठेवून तुकडे मोजायचे. युरोपच्या नियमात त्यात किमान 40 तुकडे लागतात. कमी भरले तर तुकडे मोठे आणि धारदार, म्हणजे भट्टीत किंवा हवेत काहीतरी बिनसलंय. नव्या पोरांना हे काम फार आवडायचं.

पुढच्या काचेला हा प्रकार चालणारच नाही. ट्रकच्या चाकाखालून खडी उडाली आणि समोर एकदम पांढरा पडदा आला तर ड्रायव्हरनं करायचं काय? म्हणून तिथं दोन पातळ काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट प्लॅस्टिकची फिल्म, बहुतेक वेळा 0.76 मिमीची. हीच लॅमिनेटेड काच. दोन्ही काचा मध्ये पावडर मारून एकावर एक ठेवतात, एकाच साच्यावर गरम करून स्वतःच्या वजनानं वाकू देतात आणि सावकाश निववतात, हवेचा मारा नाही. मग स्वच्छ, कोरड्या खोलीत मध्ये फिल्म घालायची. फिल्मनं ओल धरली तर पुढं कडेनं पांढरट डाग सुटतात. फिल्मचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो, मधली हवा निघायला. त्यामुळं या टप्प्याला काच दुधाळ दिसते. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद भट्टीत, 140 अंशांच्या आसपास उष्णता आणि हवेच्या दहा-बारा पट दाब मिळाला की तीच आरपार स्वच्छ होऊन बाहेर येते. कडेची काळी पट्टीही नुसती शोभेची नसते. भट्टीत भाजून पक्की झालेली ती शाई काच गाडीला चिकटवणाऱ्या पदार्थाला उन्हापासून वाचवते.

जीपची काच याच जातीची, फक्त सपाट. तिच्यात ताण कोंडलेला नाही, म्हणून एका बाजूनं हिरा मारून तडकवायची, उलटी करून त्याच रेषेवर दुसऱ्या बाजूनं, मग फटीत स्पिरिट सोडून पेटवायचं. फिल्म मऊ पडली की ब्लेडनं कापायची. तुम्ही पाहिलेली निळी ज्योत तीच. कारची बाकदार पुढची काच मात्र लॅमिनेटेड असूनही कोणी कापत बसत नाही, तो बाक जमणार कसा?

तेव्हा तयार काच मागवा. कोपऱ्यावरचा छाप वाचा, आयएसआय खूण असते. मॉडेलचं वर्ष नीट सांगा आणि काच फिकट हिरवी की साधी तेही, नाहीतर दोन दारांच्या दोन छटा होतात. भंगारातली जुनी काचही चालते, टफनपणा वर्षांनी उतरत नाही. फक्त चारही कडांवरून नजर फिरवा आणि टवका दिसला तर घेऊ नका, पुढची चीर तिथूनच निघते. आणि बसवताना दाराचं पॅड उघडून आतला सगळा चुरा व्हॅक्यूमनं काढून घ्यायला सांगा. कंटाळा करतात. तो राहिला तर दार आपटलं की खुळखुळतं, पाणी निघायची भोकं बुजतात आणि नवीन काचेवर वर-खाली करताना ओरखडे पडतात.